आण्णांना राजस्थान दाखवायचं ठरलं तेव्हा

मेंढरं विकल्यापासून माझे वडील, आमचे आण्णा, एका जागी बसत नव्हते. गुडघे गेले, डॉक्टरांनी चालणं कमी करा म्हणून सांगितलं, म्हणून पाटोद्याच्या बाजारात शेवटचा कळपही देऊन टाकला. पण पन्नास वर्षं मेंढरांमागं चाललेला माणूस खुर्चीत काय बसणार? दारातून रस्त्यापर्यंत जायचे, रस्त्यावरून परत दारात. दिवसभर तेच. मी बीडला दवाखान्यात नर्स आहे. रविवारी घरी आले की त्यांच्या त्या येरझाऱ्या बघून मलाच धाप लागायची.

म्हणून मी सहलीचं काढलं. मला स्वतःला कधीपासून राजस्थान बघायचं होतं, हेही खरं. वही घेतली आणि लिहिलं: जयपूर, बिकानेर, जैसलमेर, जोधपूर, उदयपूर. नऊ दिवस. पुण्याहून रेल्वे. ड्युटीवर जेवणाच्या सुट्टीत मी मोबाईलवर नकाशा उघडून बसायची. आधी बिकानेर घ्यावं की जोधपूर? एका गाडीची वेळ जुळली की दुसरीची चुकायची. आठवडाभरात चार वेळा पानं फाडली.

पुढच्या रविवारी आण्णांना ओट्यावर बसवून सगळं वाचून दाखवलं.

"जयपूरला काय हाय?" त्यांनी विचारलं.

"किल्ला आहे, राजवाडा आहे."

"आन् बिकानेरला?"

"तिथंही किल्ला."

"मंग जोधपूरला?"

मी वहीत बघितलं, तिथंही किल्लाच होता. ते म्हणाले, "किल्ले लई झाले. मेंढरं कुठं दिसत्याल ते सांग."

मला रागच आला. म्हटलं, "आण्णा, मेंढरं बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?"

"तितं गवत न्हाई म्हणत्यात. मंग चारत्यात काय? मला ते बघायचंय." एवढं बोलून ते उठले आणि रस्त्याकडं निघाले.

दोन दिवस मी वहीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी चिडूनच जयपूर, बिकानेर आणि उदयपूर खोडलं. जोधपूर आणि जैसलमेर ठेवलं, वाटेत मेंढरं दिसतील म्हणून मधल्या रस्त्यासाठी एक अख्खा दिवस. घरी फोन करून आईला सांगितलं.

ती म्हणाली, "जयपूर कावून काढलं?"

"आण्णांना किल्ले नकोत ना."

"त्यांला नकोत. मला इचारलं का कुनी?"

खरंच विचारलं नव्हतं. आई कळपामागं कधी गेली नाही. ती घर आणि दोन एकर रान सांभाळत मागं राहिली. आण्णा दिवाळीनंतर गोदावरीकडं उतरायचे, ते मृगाच्या तोंडावर परतायचे. वडवणीच्या पलीकडच्या माहेरीसुद्धा ती मोजक्या वेळा गेली असेल. तिनं कॅलेंडरवर जयपूरच्या गुलाबी भिंतींचं एक चित्र बघितलं होतं, वर्ष संपलं तरी ते तिनं पिठाच्या डब्यामागं चिकटवून ठेवलं होतं. हे मला त्या फोनवर कळलं. पुन्हा वही काढली. जयपूर आत आलं, बिकानेर बाहेरच राहिलं, आणि शेवटचं उदयपूर मी माझ्यासाठी परत लिहिलं.

माघ संपता संपता आम्ही निघालो. जयपुरात आई हवामहलासमोर फुटपाथवर उभी राहिली ती हलेचना. पदर डोक्यावर घेऊन एकेक खिडकी बघत होती. आण्णा तिच्यामागं फेऱ्या मारत होते आणि मी घड्याळ बघत होते, कारण चारला दुसरा राजवाडा गाठायचा होता. तो राहिलाच.

जोधपूरहून आम्ही जीप केली. पोखरण मागं पडल्यावर आण्णांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "गाडी रोको."

रस्त्याकडेला शे-दीडशे मेंढरं होती. ऐन दुपार होती आणि सगळी एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून उभी होती. आण्णा काठी टेकत वाळूत उतरले. लाल फेट्याचा एक म्हातारा धनी पुढं आला. त्याची बोली आण्णांना कळेना, आण्णांची बाजारातली हिंदी त्याला कळेना. तरी पाच मिनिटांत दोघं खाली बसले होते आणि आण्णा एका लंगड्या मेंढीचा खूर हातात धरून काटा शोधत होते.

मी जीपजवळ उभी. पंधरा मिनिटं, अर्धा तास, एक तास. जैसलमेरच्या किल्ल्यातला राजवाडा बंद होणार होता. दोनदा हाक मारली. आण्णांनी मान वळवली नाही.

शेवटी तेच आले. "आपन हितं ऱ्हाऊ दोन रोज. त्याचं घर जवळच हाय. ये म्हणतोय."

"आणि उदयपूर?"

"तू जा माजी बाई. मी हितं बसतो."

'बसतो' हा शब्द त्यांच्या तोंडून मी वर्षभरात ऐकला नव्हता. मी दोन फोन केले. जैसलमेरची खोली दोन दिवस पुढं ढकलली, उदयपूरची रद्द झाली, परतीचं तिकीट जोधपूरहून मिळालं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर येताच आण्णा त्या म्हाताऱ्याबरोबर कळपामागं गेले. फार लांब नाही, नजरेच्या टप्प्यात. सुकलेल्या झुडपांचे शेंडे मेंढरं कशी खुडतात ते वाकून बघत होते. मधेच मातीत बसत होते, हाताला लागलं ते चघळून बघत होते. आई त्या घरातल्या बायकांबरोबर बाजरीच्या भाकरी थापत होती. मला काही कामच नव्हतं. फोनला रेंज नव्हती. मी अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले, किती वेळ ते आठवत नाही.

"बस की जरा," आई चुलीपासून म्हणाली.

बसले. पाय मात्र हलतच होते.