भावाची अर्धी नोकरी

जुन्नरच्या बाजारात विहिरीवरच्या जुन्या मोटारी घेऊन, दुरुस्त करून विकायच्या, हा माझा धंदा. शून्यातून उभा केलाय. समोरचा किती घाईला आलाय हे मला तो बोलायच्या आधी कळतं. त्यामुळे ग्रामपंचायतीनं मला फसवलं असं मी म्हणत नाही. सौदा मीच केला. जळफळाट त्याचाच आहे.

आमचं गाव आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागात. गावाला पाणी सोडणारा म्हातारा अंथरुणाला खिळला, तेव्हा दोन वर्षं माझ्या धाकट्या भावानं ते काम फुकट केलं. भावाचं वय चौतीस. नुसती शेती म्हटली की मुलीकडचे चहासुद्धा पूर्ण पीत नव्हते. म्हाताऱ्याची जागा निघाली आणि मी ठरवलं, ही नोकरी मिळाली की याचं लग्न होणार.

पण सरपंचबाईंची खुर्ची त्यांचे यजमान चालवतात, आणि यजमानांना तिथं स्वतःचा भाचा हवा होता. टाकीखालचा वॉल कुठल्या बाजूला फिरवायचा हेही भाच्याला ठाऊक नव्हतं. मी विरोधी गटाचे सदस्य हाताशी धरले. तीन बैठका नुसत्या भांडणात गेल्या. चौथ्या बैठकीत मी चिडून ओरडलो, "मग कापा ती जागा मधोमध!"

सगळ्यांना ते पटलं. तसा ठरावच झाला. एकानं वॉल उघडायचा, दुसऱ्यानं बंद करायचा, पगार निम्मा निम्मा.

"भाऊ, तुमी धंदेवाले. आधी तुमी निवडा," यजमान म्हणाले.

मी हिशेब केला. उघडणाऱ्याला पहाटे उठावं लागणार. बंद करणारा आंघोळ, न्याहरी उरकून नऊला जाणार. "बंद करायचं आमच्याकडं!" मी टेबलावर हात आपटला. यजमानांनी तोंड पाडलं. मला वाटलं, जिंकलो.

भाचा एकदा जत्रेला गेला. तीन दिवस गावाला पाणी नाही. भाऊ मात्र रोज नऊला टाकीवर जाऊन रजिस्टरात सही करून आला.

ग्रामसेवक म्हणाले, "अहो, उघडलाच न्हाई, तर बंद काय केला?"

"बंद हाय का न्हाई ते बघून आलो की."

मग जुन्नरकडचे एक पाहुणे मुलीसाठी स्थळ बघायला आले. पोहे संपेपर्यंत नऊ वाजले. भाऊ उठला. मुलीचे वडील म्हणाले, "चला, आमी बी येतो. नोकरी बघू."

भावानं वॉल बंद केला आणि दोन्ही आळ्यांतून बायका बाहेर आल्या.

"अरे मुडद्या, माझा ड्रम अर्धा राह्यला!"

"ह्याला कुणी पोरगी देऊ नका गं!"

पाहुण्यांनी ते नीट ऐकून घेतलं. परत येताना मला विचारलं, "आन उघडतो कोण?"

मी सांगितलं. तिथंच चुकलो. पंधरा दिवसांनी त्याच मुलीची सुपारी भाच्याशी फुटली. मी फोन केला तर मुलीचे वडील म्हणाले, "राग मानू नका राव. पगार सारखाच हाय, पर त्याला गाव चहा पाजतं."

लग्नाच्या दिवशी भल्या पहाटे यजमान घाबरे होऊन माझ्या दारात. नवरदेव हळद लावून बसलेला, दारात मांडव, आणि पाणी नाही. "तुमच्या भावाला तेवढं उघडायला सांगा."

"आमचं काम बंद करायचं. ठराव वाचा," मी म्हणालो. आता ते घाईला आले होते. मी कागद पुढं केला. उद्यापासून उघडायचं आमच्याकडं, बंद करायचं भाच्याकडं, खाली तुमची आणि बाईंची सही. त्यांनी मला दोन शिव्या दिल्या आणि पेन काढलं.

तेवढ्यात माझ्या अंगणातला नळ खळखळला. यजमानांनी नळाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि पेनला टोपण लावून ते हसत निघून गेले.

भाऊ टाकीवरून आला तो दुधाच्या चहाचा पेला हातात घेऊन. मी त्याच्यावर असा ओरडलो की शेजारी जमले.

"दादा, लग्नघर हाय ते," तो म्हणाला. "आन त्या ड्रमवाल्या काकूनं आज चहा दिला. तिची भाची हाय म्हणं, लोणी गावची."

मी नऊ वाजता स्वतः टाकीवर जाऊन रजिस्टर बघितलं. उघडणाऱ्याच्या रकान्यात त्या तारखेला भावाच्या अक्षरात नवरदेवाची सही होती.