कस्तुराबाईंच्या सोनसावरी

चोपड्याजवळच्या गिरधरनानांच्या रोपवाटिकेत कस्तुराबाई पावरा पिशव्या भरायचे काम करतात. मी तिथे रोपे घ्यायला जाते. अकरा वर्षांची ओळख. त्यांचे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. गावावरच्या डोंगरात सोनसावरीचे एकच झाड उरले होते. ही काटेसावर नव्हे. होळीच्या सुमारास निष्पर्ण फांद्यांवर हळदीच्या रंगाची, तळहाताएवढी फुले येतात.

तीन वर्षे कस्तुराबाईंनी तिचे बी आणून पेरले. एकही उगवले नाही. यंदा १९ एप्रिलच्या वादळात ते झाड मुळासकट पडले. फुटलेल्या बोंडांतला कापूस निवडून त्यांनी ओंजळभर बिया आणल्या. आता हेच शेवटचे बी.

"दगड पेरा अक्का, लवकर उगवतील!" नाना म्हणाले. "जूनच्या पंधरापर्यंत कोंब दिसला नाही, तर पिशव्या पपईला."

मेच्या पहिल्या आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत, सोबतच्या बेबाबाईंनी गजग्याचे, म्हणजे सागरगोट्याचे, टणक बी फरशीवर खसाखसा घासून तापवले आणि पेंगणाऱ्या कस्तुराबाईंच्या दंडाला टेकवले.

"अय बेबे, मना हात भाजना ना वं!"

"भाजू दे. झोप तं उडनी ना!"

हसून हसून बेबाबाईंनी तो गजगा नळाजवळच्या ओलीत भिरकावला. बारा दिवसांनी कस्तुराबाई तिथे हंडा भरायला वाकल्या, तर घासून पातळ झालेल्या कवचातून कोंब वर आलेला!

त्या तडक नानांकडे गेल्या. "नाना, बिया मरेल नहीत, झोपेल शेतस. घासनं पडी."

दोन दिवस त्या अजून न पेरलेले एकेक बी चिमटीत धरून फरशीवर घासत बसल्या. बोटांची सालटी निघाली. बेबाबाई, "मीच गुरू तुनी," म्हणत मदतीला बसल्या. दोनशे बारा बिया पेरल्या.

३ जूनला सकाळी मी गेले, तेव्हा नाना पिशव्यांपुढे उकिडवे बसून कोंब मोजत होते. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. एकशे सत्तेचाळीस!

ऑगस्टमध्ये रोपे वीतभर झाली. नानांनी हळूच विषय काढला, "अक्का, पन्नास इथे विकायला ठेवू का? शहरातले लोक उड्या टाकतील."

कस्तुराबाई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत शेवटची पिशवी लावत होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिले नाही.

"पहिले आमना डोंगर, नाना. मंग तुमनं दुकान."

आणि ट्रॉलीत रोपांच्या मधोमध मांडी घालून त्यांनी ड्रायव्हरला हाक दिली, "चाल रे भाऊ!"