आषाढ लागायच्या आत

तारनाक्याच्या आमच्या घरमालकांना कॉलनीच्या अध्यक्षपदामुळे बऱ्याच शाली मिळाल्या आहेत. त्यातली एक पांघरून ते भर उन्हाळ्यात आले आणि आषाढ लागायच्या आत तळमजला रिकामा करा म्हणाले. मुलगा अमेरिकेतून राहायला येणार होता, आणि आषाढ अशुभ मानून त्यांच्या तेलुगू लोकांत कोणी त्या महिन्यात घर बदलत नाही.

मी "बरं" म्हणालो. वडीलधाऱ्यांना आम्ही आधी "बरं" म्हणतो, विचार मागाहून करतो. आतल्या खोलीत आई खुब्याच्या ऑपरेशननंतर वॉकर धरून उभी राहायला शिकत होती. डॉक्टरांनी तिला जिना बंद केला होता, आणि आम्हाला परवडणारं घर मिळत होतं ते तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं.

सुलतान बाजारातल्या पुस्तकवाल्यांकडून मी रिकामी खोकी आणली. बायकोने ती पाहिली.

"अहो, कोर्टाचा हुकूम आलाय का?"

"नाही. शाल पांघरून आले होते."

तिने मला कोर्टातल्या मोफत कायदा मदत केंद्रात नेलं. तिथल्या वकीलबाईंनी विचारलं, "भाडं वेळेवर देता?"

"दर महिन्याला, बँकेतून."

"मग घरातच राहा. मालक जा म्हणू शकतात, पण बाहेर काढायला त्यांना कोर्टाचा हुकूम लागतो. पाणी किंवा वीज तोडली तर त्याच दिवशी या."

त्याच आठवड्यात नळ कोरडा पडला. वर राहणाऱ्या मालकांच्या गच्चीवरल्या बागेला मात्र पाणी होतं. मी त्याच दिवशी गेलो. केंद्राने दोघांनाही बोलावून घेतलं.

मालक शालीसकट आले. कॉलनीतली गटारं, देवळाचं छप्पर आणि स्वतःचा त्याग यांवर ते बराच वेळ बोलले. मग वकीलबाईंनी विचारलं, "पाणी कधी सोडताय?"

संध्याकाळी नळ आला. आई जिना चढू लागेपर्यंत आम्ही राहायचं, असं ठरलं. दोघांनीही सह्या केल्या.

तेव्हापासून मालक रोज सकाळी फाटकाशी उभे राहून विचारतात, "अम्मा, आज कैसा है?" परवा शहाळं घेऊन आले. आई आता वॉकरशिवाय स्वयंपाकघरापर्यंत जाते. फाटकाची कडी वाजली की मात्र वॉकर जवळ ओढते आणि कण्हते.

"आई, निदान डॉक्टरांना तरी खरं सांगा," बायको म्हणाली.

"सांगते गं," आई शहाळं संपवत म्हणाली, "आधी आषाढ तर लागू दे."