सौंदडची मोटर आणि आत्याचं बाशिंग

सौंदडच्या स्टेशनात छोट्या लाइनची गाडी वेळेवर आली, असं कुणी मला सांगितलं तर मी त्याला आधी सावलीत बसवीन आणि मग पाणी देईन. लढाईच्या दिवसांत तर विचारूच नका. गोंदियात मोठ्या लाइनवरून पलटणींच्या गाड्या जायच्या; त्या गेल्याशिवाय आमची गाडी हलत नसे. इकडे सौंदडला सडक अर्जुनीची मोटर आमच्या गाडीसाठी खोळंबलेली. उतारू भरल्याशिवाय तीही हलत नसे. पेट्रोल मिळेनासं झाल्यापासून ती कोळशाच्या गॅसवर चालायची. पाठीमागे एक भलं मोठं पिंप, त्यात कोळसा पेटवायचा, आणि क्लीनरनं हँडल फिरवून फिरवून त्याला वारा घालायचा. ती सुरू होईपर्यंत माणूस पायी निम्म्या वाटेवर पोचला असता. पण पायी गेलं तर मोटर असल्याचा रुबाब कसा मिरवणार?

त्या दिवशी माझ्या थोरल्या भावाचं लग्न होतं. मी शाळेसाठी गोंदियाला आत्याकडे राहायचे. आमच्या घरी नवरदेवाचं बाशिंग आत्यानं आणायचं आणि आत्यानंच बांधायचं, असा मान. ते बांधल्याशिवाय वरात निघत नाही. वरात दुपारच्या मुहूर्तासाठी निघायची होती, म्हणून आम्ही दोघी पहाटेच्या गाडीत बसलो. बाशिंग माझ्या हातात.

"दोन्ही हातानं धर पोरी. भुईले टेकू देऊ नको," आत्यानं बजावलं.

झालं! मी जणू राज्याची गादीच घेऊन निघाले. शाळेत चार बुकं शिकलेली, वेणीला रिबीन लावलेली, बोलणं पुस्तकी. मला आज ती मुलगी भेटली तर मी तिच्या रिबिनीला धरून तिला गाडीतून खाली उतरवीन.

सौंदडला आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर चढायला लागलं होतं. मोटर उभी, क्लीनर हँडल फिरवतोय, पिंपातून नुसता धूर. आम्ही बसलो. सगळे बसले. मोटर खोकली आणि गप्प झाली.

"सब उतरो! धक्का मारो!" ड्रायव्हर ओरडला.

"मी उतरणार नाही," मी म्हणाले. "माझ्या हातात बाशिंग आहे."

"मी त वराडीण हाओ, मी कायले धक्का मारू?" आत्या म्हणाली. पण बाकीचे उतरलेले पाहून तीही कासोटा खोचून उतरली. आत्या अंगानं चांगली भरभक्कम. तिनं खांदा लावला आणि मोटर चालायला लागली, हे मी खिडकीतून पाहिलं आहे.

सुरू झाली, पण थांबेना! थांबली तर पुन्हा पेटायची नाही, म्हणून ड्रायव्हर ती स्टेशनाबाहेरच्या मोहाच्या झाडाभोवती गरागरा फिरवायला लागला. लोक पळत पळत येऊन दांड्याला लोंबकळत आत चढत होते. चढला तो हसायचा, राहिला तो शिव्या द्यायचा. बघता बघता सगळे चढले, एकटी आत्या राहिली.

"थांबव ना रे बाप्पा!"

"बंद हुई तो फिर चालू नहीं होगी, बाई!"

मी खिडकीतून डोकं काढून ओरडले, "आत्या, उडी मारा!"

"मी का बेंडूक हाओ काव?"

ड्रायव्हर माझ्याकडे वळला. "और घूमे तो कोयला यहीं खतम. बोलो, जाना है कि नहीं?"

आणि ती रिबीनवाली काय म्हणाली? "चला! मुहूर्त टळेल!"

शेजारची म्हातारी डोळे वटारून म्हणाली, "काव, थे तुही कोण?"

"आत्या."

"आन् तिले सोडून जाऊन राहिली?"

"बाशिंग वेळेवर पोचायला हवं," मी मान ताठ करून म्हणाले. म्हातारीनं कपाळावर हात मारला. मला वाटलं, अडाणी आहे.

आमचं घर सडकेलगतच. दारी मांडव, डफडं वाजतंय, बैलांची खासरं जुंपून तयार, भाऊ हळदीनं पिवळा होऊन पाटावर बसलेला. मी बाशिंग उंच धरून उतरले. कुणीतरी टाळ्या वाजवील, असं मला खरंच वाटलं होतं.

"आत्याबाई कुठी हायत?" आईनं विचारलं.

"मागून येताहेत."

"कायनं?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मोटर आता संध्याकाळच्या गाडीलाच परत सौंदडला जाणार होती. डफडं थांबलं. मावशी म्हणाली, "मी बांधून टाकतो." बाबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मान बहिणीचा हाय. थे आल्याबगर वरात निघत नाही." मग बैल सोडले, वराडी पुन्हा सावलीला बसले.

बाशिंग ठेवायला मी जागा शोधायला लागले, तर आई म्हणाली, "खाली नको ठेवू. तूच आणलं, तूच धर."

मी धरून उभी. भाऊ पाटावरून रागानं बघतोय, मी मांडवाच्या खांबाला टेकून. दुपारचा मुहूर्त असाच आमच्या डोळ्यांदेखत निघून गेला. भटजींनी पंचांग पाहून गोरज काढला, आणि तोही चुकला तर मला विचारू नका म्हणाले.

ऊन कलताना सडकेवर एक रिकामं खासर दिसलं. सौंदडला बांबू उतरवून परत निघालेलं. त्यात आत्या, पदर डोक्याला गुंडाळलेला, तोंड लालबुंद. उतरली, पाय धुतले, पाणी प्याली, आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"मोटर आली का पोचून?"

"आली."

"मंग तिलेच सांगाचं होतं बांधाले."

सगळा मांडव हसला. आत्यानं बाशिंग घेतलं, पण माझी बोटं आखडून गेली होती, सुटेनात. तिनं एकेक बोट सोडवलं, तेही हळूच. मग भावाच्या कपाळाला बाशिंग बांधलं, गाठ ओढून पाहिली आणि म्हणाली, "निघा आता."

डफडं पुन्हा सुरू झालं. मी बायकांच्या खासरात पाय ठेवला, तोच आत्या वरून म्हणाली, "हिले नका घेऊ. हिले थांबणं जमत नाही. जाऊ द्या पुढं पायीपायी."

बाबाही हसले, म्हणजे दाद मागायला कुणी उरलं नाही. मी चालत निघाले. नवरीचं गाव काही जवळ नव्हतं.