मोहन्याच्या बायका जबान्या वाचतात

किस्से गोळा करायला कोणी बसत नाही. दर शनिवारी दुपारी मोहने गावातल्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये आम्ही सात-आठ जणी जमतो आणि घरी जाताना एखादा किस्सा सोबत आलेलाच असतो. लैंगिक अत्याचार सोसलेल्या बायकांनी स्वतः सांगितलेलं आम्ही वाचतो. लोकांना वाटतं, या नुसत्या रडत असतील. रडतोही कधी. पण चहा होतो, हसणंही होतं.

मी कॉलेजात मराठी शिकवते. पहिल्या शनिवारी स्त्रीवादी समीक्षेच्या वीस पानी नोट्स घेऊन गेलेले. दोन पानं वाचून झाली तेव्हा मासळी विकणाऱ्या मंदाताई म्हणाल्या, "बाई, तिनं काय सांगितलंय ते आधी वाचा ना. तुमचं मग ऐकू."

तेव्हापासून नोट्स पिशवीतच असतात.

कांबळेताई तीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होत्या. एकदा मी वाचलं, "तिच्यावर अत्याचार झाला." त्यांनी चष्मा काढला. "झाला म्हणजे? लाइट गेली तसा? केला कोणी?"

मी पान चाळलं. ते वाक्य प्रस्तावना लिहिणाऱ्याचं होतं. बाईनं स्वतः तिसऱ्याच ओळीत अत्याचार करणाऱ्याचं नाव घेतलं होतं.

दिवा गावाहून येणारी ऋतुजा एम.ए. करते, आमच्यात सगळ्यात लहान. एका जबानीतल्या बाईला भिंतीवरचं घड्याळ हिरवं होतं ते आठवत होतं, वाजले किती ते नाही. ऋतुजा म्हणाली, "समोरचा वकील हेच पकडणार."

मंदाताई म्हणाल्या, "नवरा खाडीत बुडाला ती तारीख मला आजही सांगता येत नाही. पण निरोप आला तेव्हा हातात अर्धी सोललेली कोलंबी होती. मग मी खोटं बोलते का गं?"

ऋतुजानं वहीतली एक ओळ खोडली.

गेल्या महिन्यात सुमनताई यायला लागल्या, पन्नाशीच्या. तीन शनिवार गप्प बसल्या. चौथ्या शनिवारी म्हणाल्या, "माझं कोणी लिहून घेईल का?" कांबळेताईंनी वही उघडली.

सुमनताई सांगत होत्या. "मी ओरडले नाही, कारण बाळ नुकतंच झोपलं होतं." मग थांबल्या. "हे नको असेल तर गाळा."

"कोर्टात मला हेच गाळायला सांगायचे," कांबळेताई म्हणाल्या. "इथं राहू दे. बाळाचं नाव काय?"

"प्राजक्ता." सुमनताईंना हसू आलं. "आता तिनंच तर रिक्षानं आणून सोडलं. म्हणाली, घाई करू नकोस, चारला न्यायला येते."

कांबळेताईंनी तेही लिहून घेतलं.