काटा तीसवर होता

सरळ दातांच्या गिअरचा एक आवाज असतो. दोन पोलादी चक्रं एकमेकांच्या दातांत दात घालून फिरू लागली की एक लांबट, एकसुरी हुंकार उठतो. उन्हाळ्यातल्या ओस दुपारी बंद घरात माशी अडकावी आणि तिला दारही सापडू नये, तसा काहीसा. त्यात तापलेल्या तेलाचा जड, किंचित करपट वास मिसळलेला. आयुष्याची तेवीस वर्षं मी या आवाजाच्या संगतीत काढली. धुळ्याजवळच्या एका महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. हा आवाज पूर्वी मला प्रिय होता. आता तो कानावर आला की मी वर्कशॉपचं दार ओढून घेतो आणि फळ्याकडे वळतो.

का, ते कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगतो आहे, तर सरळच सांगतो.

आमचे विद्यार्थी दरवर्षी एक गाडी बांधतात. चार जाड चाकं, नळ्यांचा पिंजरा, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा. डांबरी रस्ता तिच्यासाठी नसतोच. नाला, चढ, खडक, नांगरलेलं रान, अशा कुठल्याही जमिनीवरून तिनं जावं अशी अपेक्षा. अशा गाडीची गिअरपेटी बेतणं म्हणजे दोन परस्परविरोधी इच्छांची समजूत घालणं. चढावर बळ हवं, सपाटीवर वेग हवा. आणि चक्रांचा नियम असा निष्ठुर की एक मिळवायचं तर दुसरं सोडावं लागतं. लहान चक्रानं मोठ्याला फिरवावं, तर बळ वाढतं आणि वेग मंदावतो. दोघांच्या आकारातलं अंतर कमी करा, वेग वाढेल, बळ ओसरेल. दोन्ही एकदम देणारं चक्र अजून कोणी घडवलेलं नाही. माणसांच्या बाबतीत तरी याहून वेगळं काय असतं? पण हे असं सुभाषितासारखं बोलणं मला शोभत नाही. मी मुद्द्यावर येतो.

वेग मोजण्यासाठी गाडीत एक छोटा संवेदक असतो. फिरत्या चक्राचा दात समोरून गेला की तो एक ठोका पाठवतो. त्याला वेग दिसत नाही, रस्ता दिसत नाही, समोरचा नाला तर नाहीच. त्याला फक्त दात दिसतो. इतके ठोके म्हणजे इतका वेग, हा हिशेब माणसानं त्याच्या शेजारच्या इवल्या यंत्रात आधी घालून ठेवायचा असतो. बाकीचे लोक हा संवेदक चाकाजवळ बसवतात. आम्ही खानदेशातली माणसं; आमची काळी माती ओली झाली की चाकाला अशी बिलगते की तासाभरात संवेदकाचा गोळा होतो आणि वेग शून्य दिसू लागतो. म्हणून मी तो चाकावरून काढून थेट गिअरपेटीत, मधल्या दांड्यावरच्या, कधी न बदलणाऱ्या एका चक्रासमोर नेऊन बसवला. मातीपासून सुरक्षित. माझी मलाच ती युक्ती फार आवडली होती. एकच गोष्ट लक्षात ठेवायची होती: मधला दांडा आणि चाक यांच्यातले गिअर कधी बदलले, तर यंत्रातला आकडाही बदलायचा.

माझं मूळ गाव भडगाव. लहानपणी गिरणेच्या पुलाच्या खांबावर पाण्याच्या उंचीचे आकडे रंगवलेले असत, आणि पोहणारी माणसं ते आकडे बघून कुठे पाय टेकतील ते ठरवत. पुढे पात्रातली वाळू उपसली गेली. खांबावरचे आकडे तेच राहिले, पाणी मात्र खोल झालं. वडील बजावत, त्या आकड्यावर आता जाऊ नको. एवढं लहानपणी ऐकलेलं असूनही मी चुकलो.

आमच्या वर्कशॉपमध्ये नाना होते. शिंदखेड्याचे. फिटर म्हणून लागले आणि निदेशक झाले. वय माझ्याहून दहाएक वर्षांनी जास्त. हातात कानस घेतली की माणूस बोलायचा थांबे. एरवी मुलांची थट्टा अखंड चालू. "तुम्ही कागदवर गाडी चालाडतस, मी जमीनवर चालाडस," असं ते मुलांना म्हणत आणि मुलं हसत. नवी गाडी बांधून झाली की पहिली चाचणी नानांनीच घ्यायची, हा आमचा अलिखित नियम. मुलांच्या जिवाशी खेळ नको, असं त्यांचंच म्हणणं होतं.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, मुलं गावी गेली होती. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात. आखाजीला खानदेशात कोणाला अडवून ठेवता येत नाही. जाण्यापूर्वी वैशाली नावाची विद्यार्थिनी माझ्याकडे आली. संवेदकाचं काम तिच्याकडे होतं. गाडी सपाटीवर मंद पडते म्हणून मी शेवटची जोडी बदलायचं ठरवलं आहे, हे तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "सर, दात बदलले की आकडा बदलावा लागेल. मी थांबू का?" मी म्हणालो, "तू जा, झोके घे. आकडा मी बदलतो."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात, पत्र्याच्या छपराखाली, मी आणि नानांनी गिअर बदलले. आधी अठरा दातांचं चक्र चोपन्न दातांच्या चक्राला फिरवत असे. आता चोवीस दातांचं अठ्ठेचाळीसाला. दोन्ही जोड्यांची बेरीज बहात्तर, त्यामुळे पेटी तीच, दांडे तेच, सगळं जिथल्या तिथे अगदी नेटकं बसलं. त्या नेटकेपणाचा मला इतका आनंद झाला की मी नानांना चहा आणायला उठूच दिलं नाही, स्वतः गेलो. आणि आकडा बदलायचं विसरलो.

विसरणं हा अपराध आहे का? मी स्वतःला अनेकदा विचारलं. नसावा कदाचित. अपराध पुढे आहे.

सोनगीरच्या अलीकडे, महामार्गापासून आत, एक मुरमाड उतार आहे. खाली नाला, नाल्याआधी डावीकडे एक वळण. तिथे आम्ही चाचणी घेत असू, आणि ताशी तीस किलोमीटरच्या वर जायचं नाही हे ठरलेलं होतं. ब्रेक त्याच हिशेबानं तपासलेले होते. नानांनी पहिल्या सपाट फेरीनंतर गाडी माझ्याजवळ थांबवली. म्हणाले, "सर, आवाज चढेल शे. पहिले असा नव्हता." चोवीस दात अठरांहून जास्त वेळा भिडतात, आवाज चढणारच होता, आणि त्या चढलेल्या आवाजातच माझ्या विसराची सगळी हकिगत होती. मी म्हणालो, "नवे दात आहेत नाना, बसतील हळूहळू." त्यांनी मान डोलावली आणि गाडी उताराला लावली.

समोरच्या वेगाच्या पट्टीवर तीस होते. चाकाखाली पंचेचाळीस.

गाडी वळणावर उलटली. पिंजऱ्यानं जीव वाचवला, पण उजवा हात नळीखाली सापडला. मनगटाची हाडं जुळली, मनगट मात्र पुन्हा वळलं नाही. ज्या माणसाचं सगळं आयुष्य मनगटाच्या त्या अर्ध्या वळणात होतं, त्याचं तेच गेलं.

त्या दिवशी इस्पितळातून मी सरळ वर्कशॉपला गेलो. उलटलेली गाडी आणून ठेवली होती. लॅपटॉप जोडला, आणि जुना आकडा माझ्यासमोर आला. तेव्हा प्राचार्यांकडे जाऊन दोन वाक्यं बोलायची होती. विभागप्रमुखपदासाठी माझं नाव पुढे गेलेलं होतं. मी आकडा बदलला. योग्य आकडा घातला, जपून ठेवला, आणि लॅपटॉप मिटला. संध्याकाळी वैशालीचा फोन आला. रडत होती. म्हणाली, "सर, आकडा बदलला होता ना?" मी म्हणालो, "बदललाय गं." त्या क्षणी ते खरं होतं, दोन तासांपासून खरं होतं. खोट्याला इतक्या तंतोतंत सत्याचं वस्त्र नेसवता येतं, हे मी त्या दिवशी शिकलो.

चौकशी झाली. तिघांच्या समितीनं गाडी दुरुस्त करवून सपाट रस्त्यावर चालवली, शेजारी मोटारसायकल धावत होती. दोन्हींचे वेग जुळले. मीटर निर्दोष. उतारावरच्या घसरल्याच्या खुणा सांगत होत्या की वेग तीसहून बराच जास्त होता. हात गळ्यात बांधलेले नाना, जपून जपून शहरी मराठीत, सांगत होते, "साहेब, काटा तीसवर होता. मी माझ्या डोळ्यांनी बघितला." पट्टीवर काटा नव्हताच, उजळ आकडे होते, पण नाना त्याला काटाच म्हणत. समितीतले एक जण हळूच म्हणाले, "नाना, वयाप्रमाणे होतं असं कधीकधी." मी तिथेच बसलो होतो. टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होतो. अहवालात चालकाचा निष्काळजीपणा आला. नानांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली, आणि मी विभागप्रमुख झालो.

तीन वर्षं गेली. या वर्षी नव्या मुलांसाठी मी सूचना लिहून दिल्या. पहिलीच सूचना: गिअर बदलला की आकडा बदला, आणि दोघांनी तपासा. एका मुलीनं वर्गात विचारलं, "सर, असं कधी झालंय का आपल्याकडे?" मी म्हणालो, "नाही." शब्द तोंडातून गेला, आणि पुढचं काही मला शिकवता आलं नाही. तासाला पंधरा मिनिटं उरली होती. मी मुलांना सोडून दिलं.

त्या रविवारी शिंदखेड्याला गेलो. नाना ओट्यावर बसले होते. "या सर, वाट चुकनात का?" म्हणाले, आणि डाव्या हातानं खुर्ची ओढली. डोळ्यांवर जाड काळा चष्मा. मी विचारलं, तर आतून त्यांच्या पत्नीच, अक्का, पाणी घेऊन येता येता म्हणाल्या, "यास्नी डोयानं आपरेशन करी लिधं ना सर. डाक्टर म्हणे, मोतीबिंदू अजून पिकेल नही शे. तरी यास्नी ऐकं नही." नाना ओशाळून हसले. पंचेचाळीसचे तीस दिसायला लागले म्हणजे डोळ्यांत काहीतरी असणारच, असं ते धरून चालले होते. गाडी चालवणं सोडलं होतं. मोटारसायकल विकून टाकली होती. नातीचं बोट धरून रस्ता ओलांडायलासुद्धा ते दुसऱ्या कोणाला सांगत.

माझी कल्पना होती की मी त्यांचा हात घेतला. मी त्यांचे डोळेही घेतले होते.

मी सांगितलं. दात, दांडा, आकडा, वैशाली, लॅपटॉप. विसरलो तिथे विसरलो म्हणालो, लपवलं तिथे लपवलं म्हणालो. नाना मध्ये एकदाच बोलले, "दात किती व्हतात?" मी सांगितले. डाव्या हाताच्या बोटांवर अंगठा फिरवत ते बराच वेळ मनाशी काही जुळवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मन्हा डोया बराबर व्हतात."

मी हो म्हणालो.

त्यांनी अक्कांना हाक मारली. "बाहेर ये जरा. सर काय सांगी राहिनात, आइक." आणि माझ्याकडे वळून, कसलाही राग न दाखवता, अगदी कामाच्या स्वरात म्हणाले, "परत सांगा. पहिलेपासून."

मी परत सांगितलं. अक्का खांबाला टेकून ऐकत होत्या. संपल्यावर त्या आत निघून गेल्या; चहा आला नाही, आणि तो येऊ नये असंच मला वाटत होतं. क्षमा मी मागितली नाही. मागितली असती तर ती देण्याचंही ओझं त्यांच्यावरच पडलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांना पत्र दिलं आणि पद सोडलं. पुढे नोकरीचं काय व्हायचं ते समिती ठरवेल. अहवाल बदलेल की नाही, हेही ती ठरवेल. पत्र दीड पानाचं झालं. त्यातलं एक वाक्य मात्र माझं नाही. शिंदखेड्याहून निघताना मी पायरी उतरत होतो, तेव्हा नाना मागून बोलले होते, समोरच्या रस्त्याकडे बघत, माझ्याकडे नाही. "पंचेचाळीसवर ते वळण कोणलेबी जमनं नसतं. एवढं लिखा, सर."

मी तेवढं लिहिलं आहे. त्यांच्या शब्दांत, त्यांच्याच बोलीत, पत्राच्या अगदी वर.