सरकीएवढी गाठ

हे मी अजून कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, देवापुढंही नाही. तुम्ही ताईंना ओळखत नाही — म्हणून तुम्हाला सांगणं जमेल, असं वाटतं.

ताई म्हणजे माझी थोरली जाऊ. आम्ही राळेगावकडच्या. सातवीत शाळा सुटली, तेव्हापासून मी कापूस वेचते. वेचणाऱ्या बाईच्या बोटांना कापसातली सरकी न पाहता कळते. हे मुद्दाम सांगते आहे.

बोंडअळीच्या साली माझ्या छातीत गाठ निघाली. नागपूरला नेलं, डावी बाजू काढली. घरी आले तेव्हा डोक्यावर केस नव्हते, हात वर जात नव्हता. सासू ताट लांबून सरकवायची. ताईंनी मला न्हाऊ घातलं. रोज माझी बोटं धरून भिंतीवर चढवली — "अजून एक वीत, मंदे. भिंत का खाते तुले?" आरशासमोर पहिल्यांदा उभं त्यांनीच केलं. माझ्या आईनं तरी एवढं केलं असतं का?

आणि मग त्या दुपारी — कसं लिहू?

ताई वेचणीवरून आल्या. खांद्यावरून बांधलेली कापसाची ओटी सोडली, दार लावलं आणि माझा हात आपल्या छातीवर ठेवला. "पाहाय बरं. तुह्यासारखी तं नाही ना?"

सरकीएवढी होती. कडक. जागची हलत नव्हती.

मी म्हणाले, "नाही ताई. माही कडक होती, तुमची नरम हाय. ओटीचा बंद काचला असन."

"हाव? मी उगाच भेऊन राह्यली होती!" हसल्या, अन् माझ्याच आंघोळीचं पाणी तापवायला गेल्या.

का म्हणाले मी तसं? ताई दवाखान्यात गेल्या तर मला कोण बघणार — एवढंच होतं डोक्यात. वाटलं, माझा हात पुरता वर जाऊ दे, मग सांगू. हात वर गेला. मग दुसरी भीती — त्या विचारतील, तेव्हाच काहून नाही सांगितलं?

वेचणी संपून पराटी, कापसाची वाळली झाडं, उपटायची वेळ आली तेव्हा ताईंच्या काखेतही गाठी होत्या.

आता आम्ही दोघी नागपूरच्या धर्मशाळेत आहोत. डॉक्टर म्हणाले, पसरलंय, फार उशीर केला. मी ताईंना न्हाऊ घालते. त्यांचा हात भिंतीवर चढवते. आणि त्याच मला म्हणतात, "भेऊ नको वं."

काल शेजारच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं, घरात एकीला झालं होतं, तरी वेळेवर दाखवलं कसं नाही? ताईंनी माझा हात धरला.

"दाखवलं होतं नं. हिलेच दाखवलं होतं. हिलेही नाही समजलं, बिचारीले."

मी खाली पाहून त्यांची चादर सारखी केली.

मला समजलं होतं.